धरून ठेवलेली जागा

१

शाळेची इमारत बघायला गेलो की मी आधी वर बघतो, मग खाली. वर माळवदाच्या तुळया, त्यांची भिंतीत शिरलेली टोकं, खाली जमीन. भिंती शेवटी. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून उमेद गेली, त्यामुळे हा क्रम आता अंगवळणी पडला आहे.

आपला मुलूख मुंबई राज्यात गेल्यावर निजामाच्या वेळच्या प्राथमिक शाळांची पाहणी करायचा हुकूम निघाला. कोणती खोली आहे तशी चालेल, कोणती दुरुस्त करावी, कोणती पाडून नवी बांधावी, एवढं सांगायचं. भोकरदन तालुक्यातली गावं मी मागून घेतली. ती जालन्यापासून लांब होती, आणि तिथल्या मस्तगड भागातल्या घरात मला बसवत नव्हतं.

आमची मुलगी उमा त्याच्या आदल्या श्रावणात विषमज्वरानं गेली. नऊ वर्षांची होती. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

ही शाळा हसनाबादच्या पुढं, गाडीवाटेवर होती. चार खोल्या एका रांगेत, पुढं ओसरी, अंगणात चिंच. मुख्याध्यापक वामन मास्तर वेशीपर्यंत सामोरे आले. काळी टोपी, खांद्यावर उपरणं. लग्नाच्या मुलीचा बाप पाहुण्यांना सांगतो तसे ते शाळेचे गुण सांगत होते.

"पाया दगडाचा आहे साहेब. बिलकुल हललेला न्हाई. भिंती बघा, कशा सरळ. जरा चुना फिरवला की झालं."

"आणि माळवद?"

"माळवदाचं म्हणाल तर..." मास्तर थांबले. "तीन खोल्यांचं बराबर आहे."

तीन खोल्या खरंच बऱ्या होत्या. दर शनिवारी सकाळची शाळा सुटताना मुलं जमिनी सारवत. मुलगे विहिरीचं पाणी आणत, मुली टोपलीत शेण. मी गेलो तो सोमवार होता, जमिनी वाळून त्यावर पावलांची धूळ बसली होती. सारवणाऱ्यांचे हात मात्र दिसत होते. पलीकडच्या भिंतीपासून सुरू केलेले, मागं सरकत सरकत दाराशी आलेले. सारवण असंच करतात. ओल्यावर आपलाच पाय पडू नये म्हणून. हे कोणाला शिकवावं लागत नाही.

चौथ्या खोलीला कुलूप होतं. मधली तुळई वाकल्यापासून, दोन पावसाळे झाले, ती बंद होती.

२

कुलूप गंजलं होतं. किल्ली फिरेना. मास्तरांनी साळूबाईला हाक मारली. ही शाळेत पाणी भरायची.

"साळूबाई, दिव्यातलं तेल आणा जरा."

"साळंच्या दिव्यात त्याल कवा होतं मास्तर? घरून आनते." तिनं माझ्याकडे बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. "सायब, आत जायच्या आदी वर बगा. ती तुळई लई दिसापासून वाकून राह्यली. तिला कुनीतरी जाऊन हात लावायचीच वाट बगती ती."

तेल घातल्यावरही कुलूप उघडायला दगडाचे दोन ठोके द्यावे लागले. दार आत ढकललं आणि ताज्या शेणाचा वास आला.

जमीन नुकती सारवलेली होती. ओली, हिरवट, कडेनं जरा वाळत आलेली.

"साळूबाई, तुम्ही सारवलं का हे?"

"मी? आन् शिरले कुटून, किल्लीच्या भोकातून?" ती हसली. मग पुढं येऊन तिनं डोकावून बघितलं आणि हसू तिथंच राहिलं. घागर घेऊन ती निघून गेली.

"पोरं शिरली असतील खिडकीतून," मास्तर म्हणाले. खिडकीला गज होते आणि झडपा आतून खिळे ठोकून बंद केलेल्या. ते दोघांनाही दिसत होतं. मास्तर पुन्हा म्हणाले, "पोरंच. दुसरं कोण?"

मी उंबऱ्यावर बसलो आणि जमीन वाचायला लागलो. माझा धंदाच तो. सारवणाचा प्रत्येक हात आधीच्या हातावर थोडा चढतो, त्यावरून सुरुवात कुठून झाली ते कळतं. इथं सुरुवात उंबऱ्यापासून झाली होती. हात आत आत गेले होते, पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत. कमानी लहान होत्या. उजव्या हातानं सारवणाऱ्याची कमान ज्या बाजूला वळते, त्याच्या उलट बाजूला सगळ्या वळलेल्या. डावा हात. लहान, डावा हात.

बाहेर आलेलं पाऊल कुठंही उमटलं नव्हतं.

कोपऱ्यात, जिथं सारवण संपलं होतं, तिथं एवढीशी जागा कोरडी राहिली होती. एक मूल मांडी घालून बसेल एवढी.

३

दुपारी जेवायला किशनलाल शेठनं नेलं. त्याच्या घराण्याला मारवाडातून येऊन चार पिढ्या झाल्या होत्या. गावचा कापूस त्याच्या वखारीतून जायचा. त्याला शाळा नवी बांधून द्यायची होती, आई चंदनबाईच्या नावानं. अट एकच, जुनं सगळं पाडायचं.

"साहेब, पुराण्या कपड्याला नवं ठिगळ लावत न्हाईत," त्यानं माझ्या ताटात तूप वाढता वाढता सांगितलं. "तुम्ही लिहा, पाडा. बाकी मी बघून घेतो."

"आणि पोरं बसतील कुठं तवर? तुमच्या वखारीत?" वामन मास्तर म्हणाले. ते शेठच्या घरी फक्त ताक प्यायचे, आणि ते पितानाही भांडायचे. "पाडायला एक दिवस लागतो शेठ. बांधायला सरकार किती लावतं ते तुम्ही बघितलंय. साहेब, चौथी खोली तेवढी दुरुस्तीत घाला. एक टेकू दिला की बास. दुसरीची पोरं मी तिकडं हलवतो. आत्ता तिसरीत दाटीवाटीनं बसून राह्यलीत. पाय पसरायला जागा न्हाई बिचाऱ्यांना."

"टेकू! टेकू लावून तुम्ही स्वतः बसा खाली."

"बसतो. बसतोच. माझा जीव शाळेतच जायचाय."

"मंग माझ्या आईच्या नावाला काळं फासून जाऊ नका म्हंजे झालं."

दोघंही मग माझ्याकडे बघायला लागले. मी तुळईला वाळवी किती लागली आहे ते बघून सांगतो म्हणालो. प्रश्न तेवढाच होता. मी 'दुरुस्ती' लिहिलं तर त्या तुळईखाली दुसरीचा वर्ग बसणार होता. 'पाडावी' लिहिलं तर खोली जाणार होती.

खोली जाणार होती, हा विचार मनात आला तेव्हा माझा घास तोंडातच राहिला.

४

दुपारी मी एकटाच खोलीत गेलो. वहाणा बाहेर काढल्या. जमीन अजून ओलीच होती, पायाला गार लागत होती. माघातल्या कोरड्या हवेत ती सकाळपासून वाळायला हवी होती. खिडकी बंद, वारा नाही, म्हणून वाळली नसेल. मी स्वतःशी तसं ठरवलं.

भिंतीच्या भेगांवर मी काचेच्या पट्ट्या बसवल्या. अरुंद काच भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवायची. भिंत सरकत असेल तर काच तडकते. महिन्याभरानं येऊन बघायचं. मग बोटाच्या पेरानं भिंत ठोकत गेलो. चुना कुठं सुटला आहे ते आवाजावरून कळतं.

कोपऱ्याच्या जवळ मी दोनदा ठोकलं. भिंतीनं दोनदा उत्तर दिलं.

पलीकडे तिसरीचा वर्ग, कोणी पोर खोडी करत असेल. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा उत्तर आलं, आणि या वेळी मला आवाजाची उंची कळली. माझ्या छातीपाशी मी ठोकत होतो. उत्तर गुडघ्याजवळून आलं. आणि ते भिंतीच्या पलीकडून आलेलं नव्हतं.

मी कोरड्या जागेशी गेलो नाही. परत निघालो तेव्हा माझ्या पावलांचे ठसे मागं राहिले. पट्ट्यांना कोणी हात लावू नये म्हणून नवं कुलूप मागवून घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

घरी रमाबाईनं, माझ्या पत्नीनं, पाय धुवायला पाणी दिलं. माझ्या पावलांकडे बघून ती म्हणाली, "अहो, शेणात गेल्तात का कुठं?"

"शाळा सारवलेली होती."

तिनं तांब्या खाली ठेवला. दोघांना एकच दिवस आठवला असणार. उमा डावखुरी होती. आईच्या देखत तिला डावा हात वापरता यायचा नाही. एका शनिवारी रमाबाई देवळात गेलेली बघून तिनं माजघर सारवायला घेतलं. डाव्या हातानं, आणि दारापासून. कोपऱ्यात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की बाहेर यायला वाटच नाही. मग ती तिथंच मांडी घालून बसली. मी बाहेरून आलो तर मला बघून दोन्ही हात वर केले. "बाबा, उचलून घ्या ना. वाळेपर्यंत किती बसू?"

मी दारातून एक लांब ढांग टाकून तिला उचललं होतं.

त्या रात्री मी आढ्याकडे बघत पडलो होतो. वाकलेल्या तुळईला टेकू देता येतो. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या ठोकता येतात. असं पुष्कळ ठिकाणी करतात. अहवाल मनात जवळजवळ तयार झाला: दुरुस्तीयोग्य.

५

शिमगा झाल्यावर पुन्हा गेलो. कुलूप मी घातलेलंच होतं. किल्ली सहज फिरली.

काचेच्या सगळ्या पट्ट्या तडकल्या होत्या. तुळई आणखी खाली आली होती. एवढं बघितल्यावर कोणत्याही ओव्हरसियरला तिथं उभंही राहायचं कारण नव्हतं.

जमीन ताजी सारवलेली होती. माझे जुने ठसे बुजवलेले. आणि कोपऱ्यात आता दोन कोरड्या जागा होत्या, एकमेकींना लागून.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. मला वाटलं, दुसरी जागा माझी. तिनं माझ्यासाठी ठेवली. मी चालत कोपऱ्याशी गेलो. खाली बसणार, तेवढ्यात सवयीनं हात खिशात गेला आणि मी टेप काढला. जागा दिसली की मी मापतो. लांबी मापली, रुंदी मापली. मग शेजारची मापली. दोन्ही सारख्या होत्या. माझी मांडी त्यात कशीच मावली नसती.

दुसरी जागाही लहान मुलाचीच होती.

मी बाहेर आलो. तिसरीच्या खोलीत मास्तर पाढे म्हणून घेत होते. दुसरीची मुलं मागं, भिंतीला टेकून बसलेली. शेवटी एक मुलगी होती, पाटीवर डाव्या हातानं गिरवत.

"ही धर्मराजची कली," मास्तर म्हणाले. "हिला नवंच खूळ लागलंय साहेब. महिन्यापूर्वी चांगली उजव्या हातानं लिहीत होती. छडी खाते पण हात बदलत न्हाई. शनिवारी सारवतानाही तेच. उलटीच सुरुवात करती, आणि कोपऱ्यात जाऊन बसती. उचलून आणावं लागतं हिला!"

मुलं हसली. कली हसली नाही. तिनं पाटीवरून मान न उचलता भिंतीवर दोनदा टकटक केलं, शेजारच्याला कोपर मारावं इतक्या सहज, आणि कान लावला.

मी तिच्यापाशी बसलो. "काय गं, कोण आहे पलीकडं?"

"पोरगी."

"कोणाची?"

तिनं खांदे उडवले. "ती म्हनती, हिकडं दाटी न्हाई. माजी जागा धरून ठिवलीया तिनं."

"तिचं नाव काय?"

कलीनं पुन्हा भिंतीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ती म्हनती, तुमाला म्हाईताय."

मी कुलूप लावायला परत गेलो. दार ओढून घेतलं असतं तर काम झालं असतं. मी आत बघितलं.

कोपऱ्यात, खिडकीच्या फटीतला उजेड पोचत नव्हता तिथं, दोन हात वर केलेले होते. लहान. कोपरापर्यंत शेणानं माखलेले. तोंड दिसत नव्हतं. उचलून घ्या म्हणून मूल करतं तसे ते हात होते. उंबऱ्यापासून तिथपर्यंत एक लांब ढांग आणि दोन पावलं. माझा पाय उचललाही गेला.

मी आयुष्यभर वस्तू बघूनच पोट भरलं आहे. बघितल्याशिवाय मला पाऊल टाकता येत नाही. मी हात बघितले. तळवे माझ्याकडे होते. आणि दोन्ही अंगठे एकाच बाजूला होते.

दोन्ही हात डावे होते.

मी दार लावलं. आतून काही आवाज आला नाही. मुलं रुसून गप्प बसतात तसं खोलीत काहीतरी गप्प बसलं.

ओसरीवर बसूनच मी अहवाल लिहिला. चौथी खोली ताबडतोब पाडावी. नव्या इमारतीत सर्व खोल्यांना शहाबादी फरशी घालावी.

वाचून मास्तरांचा चेहरा पडला. "फरशी कशाला साहेब? सारवण पोरांच्या अंगवळणी आहे. फरशी गार पडते."

"फरशी हवीच," मी म्हणालो. "आणि मास्तर, आजपासून दुसरीचा वर्ग चिंचेखाली बसवा. त्या भिंतीला कोणीही टेकायचं नाही."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. मास्तरांनी वाद घातला नाही. कलीला त्यांनी स्वतः उचलून बाहेर आणलं. ती रडत होती, भिंतीकडे हात करून.

६

किशनलाल शेठनं उन्हाळ्यातच काम काढलं. पाडताना मी गेलो नाही. साळूबाईचं म्हणणं, तुळईला नुसता धक्का दिला तर सगळं माळवद खाली आलं, आणि मातीच्या ढिगाखाली जमीन मात्र ओली निघाली. साळूबाईला गोष्ट रंगवून सांगायची हौस आहे.

नवी शाळा उभी राहिली. चंदनबाईच्या नावाची पाटी लागली. मी जाऊन आलो. फरशी एकसारखी बसली होती. कली उजव्या हातानं लिहीत होती. मास्तरांनी मला दाखवून आणलं, जणू ते त्यांच्याच छडीचं यश. मुलांना पाय पसरायला जागा होती. मी चारही खोल्यांचे कोपरे बघितले, बोटाच्या पेरानं भिंती ठोकल्या. कुठूनही उत्तर आलं नाही.

मला हायसं वाटलं. परतीच्या मोटारीत, खिडकीला डोकं टेकून, त्या उचलून न घेतलेल्या हातांसाठी मी पहिल्यांदाच रडलो. कोणाचे होते ते मला ठाऊक नाही. ते तिचे नव्हते असं मी ठरवलं होतं. तसं ठरवून मी एक मूल वाचवलं होतं. पण ठरवणं आणि ठाऊक असणं यात फरक असतो, आणि तो फरक रोज माझ्याबरोबर जेवायला बसतो.

पौषातला शनिवार होता. ऑफिसातून दुपारी घरी आलो तर रमाबाई देवळात गेली होती. मी माजघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकलो. डोळा लागला.

वासानं जाग आली.

दारातून ऊन आत आलं होतं, आणि त्या उन्हात सगळी जमीन ओली चमकत होती. हात उंबऱ्यापासून सुरू झाले होते. लहान कमानी, एकमेकींवर चढत, आत आत, माझ्या पायांच्या बोटांपर्यंत आलेल्या. मी बसलो होतो तेवढीच जागा कोरडी.

तेवढीच नाही. माझ्या डाव्या हाताला लागून आणखी एक कोरडी जागा होती, लहान. तिकडे मी मान वळवली नाही. दंडाला काहीतरी गार, ओलसर टेकलं होतं. अंगचटीला येणाऱ्या मुलाचं वजन असतं तेवढं वजन.

उजव्या हाताला तिसरी जागा होती. ती रिकामी होती. न मापताही मला कळलं, ती मोठ्या माणसाची होती.

बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. रमाबाई दारात आली. हातात प्रसादाची वाटी.

"अहो, हे कोणी सार..."

ती थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डावीकडे बघत होती. गेल्या दीड वर्षात तिचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता.

"नको," मी म्हणालो. "रमा, आधी हात बघ. हात..."

तिनं वाटी उंबऱ्यावर ठेवली. पदर खोचला. आणि ओल्या जमिनीवर एक लांब ढांग टाकली.